घाटात थांबलेल्या ट्रकवाल्या काकांना

नमस्कार काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ट्रकचा नंबरही आठवत नाही. आठवतंय ते एवढंच, की मी पाण्याची बाटली घेऊन पुढच्या चाकाकडे धावत होते आणि मागून तुम्ही ओरडलात, "पोरी, पाणी टाकू नको!" पत्ता नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय.

चूक माझीच होती. आई मागच्या सीटवरून दोनदा म्हणाली, कसलातरी जळका वास येतोय. मी म्हटलं, बाहेर कोणी काही जाळत असेल. खाली दरी इतकी हिरवीगार दिसत होती की माझं अर्धं लक्ष तिकडेच. पुढच्या वळणावर ब्रेकचं पेडल ओल्या कापसावर पाय द्यावा तसं खाली गेलं. गाडी कशीबशी डोंगराच्या अंगाला घेऊन थांबवली, तेव्हा दोन्ही चाकांतून धूर निघत होता.

तुम्ही ट्रक वळणाच्या अलीकडे दिवे लुकलुकत उभा केलात. तुमच्या बरोबरचा मुलगा लाल फडकं घेऊन मागे जाऊन उभा राहिला, म्हणजे वरून येणाऱ्या गाड्या आमच्यावर आदळायला नकोत. हे तर मला सुचलंही नसतं. मग तुम्ही चाकांखाली दगड लावलेत, गाडी गिअरमध्ये ठेवायला सांगितलीत आणि हँडब्रेक ओढू दिला नाहीत. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते, कधी तडकतेही, हे मला अर्ध्या तासाच्या त्या थांब्यात कळलं. आईला तुम्ही हाताची मागची बाजू चाकाजवळ धरून, न शिवता, धग कशी बघायची तेही शिकवलंत.

घरी आल्यावर मी हिशोब मांडला. दीड टनाची गाडी 500 मीटर खाली उतरते तेव्हा जी उष्णता तयार होते, तिच्यात 20 लिटर पाणी सहज उकळेल. आणि ती सगळी मी चार चाकांच्या ब्रेकवर टाकत होते, कारण पेट्रोल वाचावं म्हणून मोठ्या गिअरवर उतरत होते! (वाचत काहीच नव्हतं. गिअरमध्ये असताना पाय उचलला की आताच्या इंजिनात पेट्रोल जवळपास बंदच होतं.)

"ज्या गिअरवर हा घाट चढशील, त्याच गिअरवर उतर," असं म्हणून तुम्ही पुढे निघालात, आम्ही मागे. दुसऱ्या गिअरवर इंजिनच गाडीला आवरत होतं, नुसतं गुरगुरत. आईने मोजलं: पायथ्यापर्यंत तुमच्या ट्रकचे मागचे लाल दिवे फक्त 11 वेळा लागले.

पण खरे आभार मानायचे आहेत ते पायथ्याशी तुम्ही जे सांगितलंत त्याचे. "आज हायवेला चढू नको. जुन्या रस्त्याने जा, काही झालं तर माणूस भेटेल." पहिल्याच गावात मेकॅनिकने ब्रेक ऑइल बदललं, जुनं पार काळपट झालं होतं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं मात्र 155 अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पायाचा दाब तेच खातात. पेडल का बसलं ते तिथे उलगडलं.

आणि मग तो रस्ता! एका बाजूला नदी, कधी दिसणारी, कधी नुसती ऐकू येणारी. दर काही मैलांवर एक गाव, कारण बाजार करून दिवसाउजेडी घरी परतता यावं अशा बेताने जुनी बाजारगावं वसलेली असतात. एका गावात गल्ली इतकी अरुंद, की मी आरसे मिटून घेतले. दारात बसलेले एक आजोबा उठले, खुर्ची आत घेतली, आम्ही गेलो, आणि आरशात पाहिलं तर खुर्ची पुन्हा बाहेर. रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा आई खाली उतरून चाकाजवळ हात धरून आली. "गार आहे," म्हणाली, अगदी तुमच्या थाटात.

शहर मात्र फसवत आलं. पाटीवर 40 किलोमीटर होते आणि वस्ती तर सुरू झालेली, कारण पाटीवरचं अंतर बहुधा शहराच्या मध्यापर्यंतचं असतं. दोन पदरांचे चार झाले, चाराचे सहा, आणि आम्ही तीन तास उशिरा पोचलो. आईला त्याचं काहीच वाटलं नाही.

परतताना तोच घाट चढत होतो. तुमच्या थांब्याच्या जागी ते दगड अजून कडेला पडलेले होते. चढावर गाडी दमली, मी दुसरा गिअर टाकला, आणि मागून आई म्हणाली, "हाच. लक्षात ठेव."

तुमची,
पाण्याची बाटलीवाली पोरगी