स्पर्धा आणा, पण त्या जागेची किल्ली नंतर कोणाकडे राहील ते आधी ठरवा

प्रति,
माननीय क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

2030 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद नोव्हेंबर 2025 मध्ये अहमदाबादला मिळाले आणि नागपुरात मोठ्या स्पर्धा आणाव्यात का, हा जुना वाद पुन्हा सुरू झाला. शेजारच्या राज्यातल्या शहराला जे जमते ते राज्याच्या उपराजधानीला का जमू नये, असे एका बाजूचे लोक विचारतात. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलावाचे पाणी ज्यांच्या स्वयंपाकघरात शिरले होते, त्यांचे उत्तर तयार असते: आधी नाग नदी आणि नाले नीट करा, पाहुण्यांचे नंतर बघू. दोन्ही बाजूंची माणसे माझ्या ओळखीची आहेत आणि दोघांचाही राग खरा आहे. मात्र या वादात कोणती स्पर्धा आणायची आणि ती आटोपल्यावर त्या जागेचा ताबा कोणाकडे राहणार, हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

यजमानपद मागणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने पुण्याला बालेवाडीचे संकुल मिळाले आणि त्याच्याच बळावर 2008 मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा भरवता आल्या. विदर्भाच्या अनुशेषाचा हिशेब सिंचन, रस्ते आणि नोकऱ्या यांपुरताच मांडला जातो, मैदानांचा हिशेब कोणी काढत नाही. नागपूरचा तिरंदाज ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिन येथे जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके मिळवली, पण त्याची जडणघडण झाली ती साताऱ्यात. तिथल्या प्रशिक्षकांचे श्रेय मोठेच आहे, तरीही त्याला घर सोडून इतक्या दूर का जावे लागले, हा प्रश्न आपल्या खात्याने स्वतःला विचारायलाच हवा.

भव्य स्टेडियम हे या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटत नाही आणि त्याचा पुरावा शोधायला नागपूरच्या बाहेर जावे लागत नाही. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर 31 ऑक्टोबर 1987 रोजी, विश्वचषकाच्या सामन्यात, सुनील गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतक झळकावले आणि चेतन शर्मांनी हॅटट्रिक घेतली, हे इथला कोणीही जुना माणूस रंगवून सांगतो. त्याच मैदानावर नोव्हेंबर 1995 मध्ये, भारत-न्यूझीलंड सामना चालू असताना, स्टँडची भिंत कोसळून प्रेक्षकांचे जीव गेले, ही आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही. 2008 पासून मोठे सामने शहराबाहेर जामठ्याच्या स्टेडियमवर होतात. ते स्टेडियम उत्तम आहे, तिथे 2011 आणि 2016 च्या विश्वचषकांचे सामनेही झाले. पण रात्रीचा सामना सुटल्यावर आपण सरकारी गाडीशिवाय वर्धा रोडवर एकदा उभे राहून पाहावे. झोपलेले मूल खांद्यावर टाकलेला बाप, गालावरचा तिरंगा घामाने ओघळलेली कॉलेजची पोरे, हात दाखवूनही न थांबणारे ऑटो आणि थांबलेच तर तोंडाला येईल ते भाडे; त्यातले काही जण शेवटी मेट्रोच्या आशेने खापरीच्या दिशेला पायीच निघतात. बुटीबोरीपर्यंतचा मेट्रोचा दुसरा टप्पा झाला की हे हाल कमी होतील. तोवर शहराबाहेर आणखी एक प्रचंड वास्तू उभारण्याचा विचार निदान लांबणीवर टाकावा.

याउलट तामिळनाडूचे उदाहरण आपण मागवून घ्यावे. युक्रेन युद्धामुळे 2022 चे बुद्धिबळ ऑलिम्पियाड रशियातून काढून घेण्यात आले, तेव्हा त्या राज्याने ते मामल्लपुरमला आणले आणि साडेचार महिन्यांच्या आत, शंभर कोटींच्या घरातल्या खर्चात, शंभरावर देशांच्या संघांना खेळवून दाखवले. त्यासाठी नवे स्टेडियम बांधले नाही, एका हॉटेलच्या परिसरातल्या सभागृहांत काम भागले. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. तिचे स्वागत करायला विमानतळावर गर्दी करणाऱ्या शहराने बुद्धिबळाच्या जागतिक स्पर्धेचे यजमानपद मागावे, यापेक्षा सरळ मागणी कोणती? रेशीमबागेतील सुरेश भट सभागृह आपल्याकडे आहे, मानकापूरचे इनडोअर स्टेडियम आहे. याच मानकापुरात नोव्हेंबर 2017 मध्ये राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेच्या अंतिम फेरीत सायना नेहवालने सिंधूला हरवले होते. मोठा खेळ हाताळण्याची सवय या शहराला नाही, असे कोणी म्हणू नये.

खरी अडचण पाहुणे गेल्यानंतर सुरू होते. मार्च 2023 मध्ये जी-20 च्या निमित्ताने सी-20 ची, म्हणजे नागरी संस्थांच्या गटाची, परिषद झाली, तेव्हा लग्नघराच्या दर्शनी भिंतीसारखा वर्धा रोड रंगवून, दिवे लावून सजवला होता; आतल्या गल्ल्यांना त्या रंगाचा एक थेंबही लागला नाही. क्रीडागृहांचेही तेच होते. शहरातल्या एका सरकारी हॉलच्या दारावर मी स्वतः वाचलेली सूचना अशी होती: ‘कार्यक्रमानिमित्त तीन दिवस सराव बंद राहील.’ आत सोफे आणि हारांच्या टोपल्या चालल्या होत्या; बाहेर रॅकेटची बॅग पाठीला लावलेल्या दोन मुली पायरीवर बसून घरी फोन करत होत्या. त्यांच्या पालकांनी महिन्याचे शुल्क आधीच भरलेले होते. कार्यक्रमाच्या भाड्याशिवाय संकुलाचा वीजबिलाचा खर्च निघत नाही, असे तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितले आणि ते खोटे असेल असे मला वाटत नाही. म्हणूनच दोष त्या कर्मचाऱ्याला देण्यात अर्थ नाही. बांधकामाला निधी मिळतो आणि देखभालीला मिळत नाही, अशी अंदाजपत्रकाची रीत आहे, आणि ती बदलणे आपल्या हाती आहे.

तेव्हा माझी विनंती अशी की, नागपूरसाठी कोणत्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी, स्पर्धेनंतरच्या दहा वर्षांचा देखभाल खर्च वेगळ्या लेखाशीर्षाखाली मंजूर करून घ्यावा आणि सकाळ-संध्याकाळचे सरावाचे तास कोणत्याही सभा-समारंभासाठी भाड्याने देता येणार नाहीत, असा शासन निर्णय काढावा. प्रेक्षक जिथे बसतील त्या प्रत्येक स्टँडचे स्ट्रक्चरल ऑडिट जाहीर व्हावे, 1995 नंतर या शहराला तेवढे मागण्याचा हक्क आहे. तारखाही मुंबईत बसून ठरवू नयेत: डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे पोलीस, रवी भवन आणि आमदार निवास यांपैकी काहीच मोकळे नसते आणि एप्रिलनंतर इथले ऊन पाहुण्यांना सोसणारे नाही. जानेवारी-फेब्रुवारी हाच काळ सर्वांत सोयीचा.

येत्या हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात असालच. त्यातली एक सकाळ मानकापूरच्या संकुलात प्रशिक्षक, खेळाडू आणि पालकांसाठी राखून ठेवावी आणि वर मागितलेल्या शासन निर्णयाचा मसुदा सोबत आणावा. मसुदा आदल्या आठवड्यात जाहीर झाला तर आम्हीही तयारीनिशी येऊ.

आपला विश्वासू,
नागपूरचा एक रहिवासी