स्टोनहेंजच्या चित्रातला ससा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या ‘स्टोनहेंज’ या, इंग्लंडमधल्या प्राचीन शिळावर्तुळाच्या जलरंगचित्रावरचा लेख वाचला. प्राचीन अवशेषांच्या एका स्वच्छंदतावादी (रोमँटिक) निसर्गचित्राला इतकी जागा मिळाली, याचा आनंद झाला. मात्र लेखकाने चित्राचा सगळा अर्थ चित्रकाराच्या वैयक्तिक दुःखात शोधला आहे आणि तो मला अपुरा वाटतो. पत्नी मारिया १८२८ मध्ये आणि जिवलग मित्र जॉन फिशर १८३२ मध्ये निवर्तला, हे खरे. पण चित्र ज्या रेखाटनावर बेतले आहे ते १८२० चे, म्हणजे या दोन्ही आघातांच्या आधीचे आहे. १८३५ मध्ये हे जलरंगचित्र करताना त्यात भर पडली ती मुख्यतः गडद निळ्या, ढगाळ आकाशाची आणि दुहेरी इंद्रधनुष्याची.

या इंद्रधनुष्याला आशेचे प्रतीक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण लंडनमधल्या हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यासचित्रण करताना वेळ आणि वारा यांची नोंद ठेवणारा हा चित्रकार होता. सूर्य पाठीशी आणि पाऊस समोर असेल तेव्हाच दिसणारी, काही मिनिटांत विरणारी ही कमान त्याने सुमारे साडेचार हजार वर्षे जुन्या शिळांमागे उभी केली. त्या शिळाही अचल नाहीत: दोन उभ्या व एक आडवी अशा तीन शिळांची एक जोडणी १७९७ मध्येच कोसळली होती. १८३६ च्या रॉयल अकॅडमीतील प्रदर्शनासाठी लिहिलेल्या ओळींत तो स्वतःच्या दुःखाविषयी बोलत नाही. हे स्मारक आपल्याला सर्व लिखित इतिहासापलीकडच्या अज्ञात काळात नेते, असे सांगतो. काळाचे निरनिराळे वेग एकाच कागदावर आणणे, हा मला या चित्राचा गाभा वाटतो.

याचा सर्वांत ठोस पुरावा खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे. तिथे शिळा आणि इंद्रधनुष्य यांच्यापेक्षाही क्षणिक, चौकटीबाहेर धाव घेणारा एक ससा आहे. तो वेगळ्या कागदाच्या तुकड्यावर रंगवून मूळ चित्रावर चिकटवलेला आहे. जलरंगात पुसून दुरुस्ती करणे अवघड, म्हणून केलेली ही सोय असेल; तरीही एवढा खटाटोप करण्याइतका तो ससा चित्रकाराला हवा होता, हे उघड आहे. लेखात त्याचा उल्लेख नाही आणि पुरवणीत छापताना नेमका तोच कोपरा कापला गेला आहे.

तेव्हा हे चित्र पुन्हा एकदा, न कापता, माध्यम व आकार यांच्या नोंदीसह छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक