लोडर उतरवायचा, की अंगावर घ्यायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या शेती पुरवणीत ट्रॅक्टरचा लोडर, म्हणजे पुढे जोडलेलं खत-माती उचलायचं बकेटचं अवजार, ‘दहा मिनिटांत’ उतरवण्याची कृती वाचली. शेणखत भरून झालंय, पूर्वहंगामी कापसाची घाई आहे. वेळ अचूक साधलीत, आभार. पण सोबतचा फोटो कुणी निवडला? बकेट छातीइतकी वर, सायलेन्सरमधून धूर निघतोय, आणि एक भाऊ आर्मखाली, म्हणजे बकेट उचलणाऱ्या लोखंडी हाताखाली, डोकं घालून तेलाचा पाइप सोडतोय. वर मथळा ‘सुरक्षित पद्धत’. वा!

वर उचललेला आर्म फक्त सिलिंडरमधल्या तेलावर उभा असतो. ते तेल बाहेर पडलं की तो खाली येतो, ‘सरक’ म्हणायलाही वेळ मिळत नाही. या तेलाचा दाब दीडशे ते दोनशे बारपर्यंत जातो. मोटारीच्या चाकात हवा असते दोन-सव्वादोन बार. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडी भेदून आत शिरते. वरून काटा टोचल्यासारखं दिसतं, माणूस हळद लावून कामाला लागतो. खरं तर त्याला त्याच दिवशी शस्त्रक्रियेसाठी न्यावं लागतं. गळती बोटाने चाचपायची नसते, लांबून पुठ्ठा फिरवायचा असतो. यातलं एक अक्षर लेखात नाही. प्रस्तावनेत ‘आधुनिक यांत्रिकीकरण’ मात्र तीनदा आलं आहे.

क्रमही उलटा दिलाय. बकेट आधी काढायची नाही. घोड्यांबरोबर, म्हणजे लोडरच्या टेकूच्या पायांबरोबर, तीच उतरवलेल्या लोडरचा पाय असते. बकेट जमिनीवर टेकवा, हँडब्रेक ओढा, दोन्ही घोड्या खाली करून त्यांच्या पिना घाला. मग लोडर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पिना काढा. पिन निघत नसेल तर घण मारू नका. तिच्यावर अजून वजन आहे एवढाच त्याचा अर्थ. लिव्हर केसभर हलवून वजन घोडीवर आलं की पिन हाताने निघते. नंतर लिव्हरनेच आर्म ट्रॅक्टरवरच्या खाचेतून अलगद मोकळा करून इंजिन बंद. आता लिव्हर चारही दिशांना तीन-चार वेळा फिरवून दाब सोडा. व्हॉल्व्ह विजेवरचा असेल तर चावी चालू ठेवून. कपलरला, म्हणजे पाइपांच्या जोडाला, हात त्यानंतर. चारही पाइप सुटल्याची खात्री करून ट्रॅक्टर सरळ मागे घ्या. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, पण दाब सोडल्याशिवाय पाइप कुठलीच कंपनी सोडू देत नाही.

‘कोणतीही सपाट जागा चालेल’ हे वाक्य खानदेशात लिहिण्याचं धाडस कसं झालं? आपली काळी जमीन मेमध्ये दगड असते आणि पहिल्या पावसात लोणी. घोडी वीतभर रुतते, लोडर कलंडतो. खाली बाभळीची जाड फळी हवी, नाहीतर कोबा.

आणि ऊन! लोडर पत्र्याखाली सावलीत ठेवा. पंचेचाळीस अंशांत बंद पाइपातल्या तेलाला फुगायला जागा नसते, म्हणून परत जोडताना कपलर बसत नाही. मग कुणीतरी स्क्रूड्रायव्हरने टोक दाबतो आणि पिचकारी थेट तोंडावर घेतो. जोडणी सकाळी गारव्यात करावी. सोडलेले नर-मादी कपलर एकमेकांत अडकवले तर धूळही जात नाही. पाइपांवर आधीच रंगीत टेप गुंडाळा, नाहीतर पुढच्या वेळी ‘वर’ केलं की बकेट खाली जाते.

पुढच्या अंकात निदान फोटो तरी बदलून छापा, लेख राहू द्या हवा तर.

ता. क. : पुरवणीच्या शेवटच्या पानावर रावेरच्या नावाखाली बऱ्हाणपूरचे केळीभाव छापून येतात, तेही परवाचे. व्यापारी तेवढेच दाखवून घासाघीस करतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. यावल