तिसऱ्या ओळीतली जागा

नाशिक

प्रिय मित्रा,

"वाईट वाटत नाही रे, काहीच वाटत नाही." तुझं हे वाक्य मी परवापासून किती वेळा वाचलं! गेल्या वर्षी मीही हेच म्हणत होतो. एमपीएससीची पूर्वपरीक्षा दुसऱ्यांदा हुकली आणि मी खोलीचं दार लावून घेतलं. तुला मात्र "अभ्यास चालू आहे" असं सांगत राहिलो. माफ कर.

तेव्हा रात्र रात्र कानात हेडफोन घालून गाणी ऐकायचो. त्यानं काही हललं नाही. आषाढात आतेभावानं ओढूनच गंगापूर रोडकडच्या एका ढोल पथकाच्या सरावाला नेलं. मला ताल कळत नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे. तिथे कुणी विचारलंच नाही. कमरेला ढोल बांधला, एका हातात टिपरू दिलं, दुसऱ्या हाताची थाप दाखवली आणि तिसऱ्या ओळीत उभं केलं. आठवड्यात तळहात सोलला, कंबर धरली. पण एकदा ताशा कडकडला की "आता पुढे काय?" हा प्रश्न दीड तास फिरकायचा नाही. ताशाकडे कान नसला तर आपला हात चुकतो, आणि आपल्यामुळे शेजारच्याचाही.

एक दिवस अंथरुणातून उठवेना, गेलो नाही. साडेनऊला ताशा वाजवणाऱ्या मुलीचा फोन आला, "दादा, तिसऱ्या ओळीत खिंडार पडलंय, येतोयस ना?" माझ्यावाचून कुणाचं तरी अडलं होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. तसाच चपला घालून निघालो.

पुढे वाचलं, ऑक्सफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबर आणि सहकाऱ्यांनी, स्वतः गाण्या-वाजवण्यानं काय फरक पडतो हे २०१२ मध्ये तपासलं होतं. गाणाऱ्या, नाचणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या माणसांची वेदना सोसायची ताकद वाढलेली दिसली. नुसतं संगीत ऐकणाऱ्यांची नाही. माझे हेडफोन आठवले. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यास चाळून कला आणि आरोग्याचं नातं मांडलंय.

पण ढोलानं सगळं बरं झालं असं मी तुला सांगणार नाही. समुपदेशकाकडे जात होतो, गोळ्याही चालू होत्या, आणि त्या बंद कराव्यात असं मला कधी वाटलं नाही. तुझी झोप उडालीय म्हणतोस, तर आज रात्रीच टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लाव. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. मलाही लिहीत राहा, अर्धं वाक्य असलं तरी चालेल.

आणि शनिवारी नाशिकला ये. स्टँडवर घ्यायला येतो. कानात घालायला कापसाचे बोळे माझ्याकडे आहेत, तू फक्त जुना टी-शर्ट आण, घामानं पार भिजतो. वाजवायचं नसेल तर झांज धर. तेही नको असेल तर ध्वज धरणारा एक मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेलाय, त्याची जागा अजून रिकामी आहे.

वाट बघतोय.

तुझाच मित्र