मद्रासच्या त्या १९३ रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना

सप्रेम नमस्कार,

तुमची नावं मला माहीत नाहीत आणि ती कधी कळणारही नाहीत. क्षयाच्या रुग्णावर घरी उपचार करावेत की सॅनिटोरियममध्ये, म्हणजे घरापासून लांबच्या क्षयरोग रुग्णालयात, हे पाहणारा अभ्यास १९५० च्या दशकात तुमच्यावर झाला. त्याच्या शोधनिबंधात तुम्ही भेटता ते तक्त्यांतल्या आकड्यांत. इतके घरी, इतके सॅनिटोरियममध्ये, इतक्यांच्या थुंकीत वर्षअखेर जंतू नाहीत. तरीही हे पत्र तुम्हालाच लिहायचं होतं. मला फुप्फुसाचा क्षयरोग झाला आणि मी माझ्या घरात, माझ्या माणसांत राहून बरी झाले, ती तुमच्यामुळे.

माझं निदान सोपं होतं. सकाळी उठल्याबरोबर खोल खोकून काढलेला बेडका एका लहान डबीत दिला. सीबीनॅट यंत्राला जंतू ओळखायला आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का हे सांगायला दोन तास पुरतात. डॉक्टरांनी वजन करून गोळ्या ठरवल्या, लघवी केशरी होईल, घाबरू नका असं बजावलं आणि घरी जायला सांगितलं. मी विचारलं, "घरी? आणि मुलं?" आमच्या घराण्यात पूर्वी एका बाईंना या आजारासाठी दूर डोंगरावर पाठवलं होतं, मुलांना भेटायला नेत नसत, हे ऐकतच मी मोठी झाले होते. डॉक्टर म्हणाले, "हा प्रश्न मद्रासमध्ये फार पूर्वी सुटलाय. तुम्ही फक्त गोळ्या चुकवू नका." मुलांची तपासणी त्यांनी त्याच आठवड्यात करून घेतली. पुढे बरी होत असताना मी मद्रासचं काय ते शोधून वाचलं, आणि वाचताना पुन्हा पुन्हा तुमच्याचपाशी थांबले.

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून ते उभं केलं होतं. डॉ. वॉलेस फॉक्स तिथलं काम पाहत होते. देशात रुग्ण लाखांनी आणि खाटा काही हजार, अशी तेव्हाची अवस्था. क्षयाला शुद्ध हवा, सक्तीची विश्रांती, दूधदुभतं आणि घरापासून लांब मुक्काम हवाच, हा तर जगभरातला पक्का समज होता. मग ज्याला खाट मिळणार नाही त्याने काय करायचं? नुसत्या गोळ्या घेऊन, दाटीवाटीच्या खोलीत, अपुऱ्या जेवणावर तो बरा होईल का? हाच प्रश्न तुमच्यासमोर ठेवला गेला.

घरी कोण आणि सॅनिटोरियममध्ये कोण, हे डॉक्टरांनी ठरवलं नाही, तुम्हीही नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं ते नशिबावर सोडलेलं होतं. दोन्हीकडे औषध एकच, आयसोनियाझिड आणि पॅस, वर्षभर. यातलं पॅस म्हणजे रोज काही ग्रॅम घशाखाली ढकलायचं आणि मळमळ सोसायची. माझ्या मूठभर गोळ्यांनाही सकाळी तोंड वाकडं व्हायचं, म्हणून त्या वर्षभराची थोडीफार कल्पना येते. घरी राहिलेल्यांकडे आरोग्यसेविका न सांगता येऊन उरलेल्या पुड्या मोजत, लघवीत औषध उतरलंय का ते तपासलं जाई. आपल्या घरात कुणीतरी येऊन असं मोजमाप करणं सोपं नसतं. तुम्ही दार उघडत राहिलात.

वर्षअखेरीचा निकाल १९५९ साली प्रसिद्ध झाला. सॅनिटोरियममधल्यांना विश्रांती जास्त, जेवण चांगलं, वजनही त्यांचं जास्त वाढलं. पण रोग बरा होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं.

त्याहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षांत कळली, आणि ती मी तुमच्या घरच्यांना उद्देशून लिहितेय. आजारी माणूस घरातच राहिला तर बायकामुलांना लागण होईल, ही भीती सगळ्यांनाच होती. त्यामुळे तुमच्या घरातल्या लेकराबाळांच्या छातीचे फोटो, त्वचेच्या चाचण्या पाच वर्षं होत राहिल्या. जिथे रुग्ण घरी राहिला आणि जिथे तो दूर ठेवला गेला, अशा दोन्ही प्रकारच्या घरांत नव्या रुग्णांचं प्रमाण वेगळं आढळलं नाही. जी लागण व्हायची ती बहुतेक निदानाच्या आधीच, औषधाविना गेलेल्या दिवसांत होऊन गेलेली होती. आज हे वाचून हायसं वाटतं. पण ज्या आईने आपल्या खोकणाऱ्या नवऱ्याशेजारी मुलांना निजवलं, तिला हे उत्तर ठाऊक नव्हतं. ते उत्तर तिच्याच घरातून यायचं होतं. औषधाचा त्रास रुग्णाने सोसला, पण ही धास्ती घरच्यांनी सोसली, आणि तिची नोंद करायला तक्त्यात रकाना नव्हता. म्हणून माझ्या आभारांतला अर्धा वाटा त्यांचा.

तुमच्या त्या उत्तराने सगळी दिशाच बदलली. खाटा वाढवण्यापेक्षा रुग्ण लवकर हुडकायचा आणि लगेच औषध सुरू करायचं, हे स्पष्ट झालं. १९६२ साली आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम घरी राहून घ्यायच्या उपचारांच्या पायावर सुरू झाला. इतर देशांतही सॅनिटोरियमं ओस पडत गेली. श्रीमंत देशांनी गरीब वस्तीतल्या रुग्णांकडून हे शिकावं, याचा मला फार अभिमान वाटतो.

एक मात्र आवर्जून सांगते, कारण तुमच्या निष्कर्षाचा उलटा अर्थ काढणारे भेटतात. औषध अपुऱ्या जेवणावरही काम करतं हे तुम्ही दाखवलंत. त्याचा अर्थ उपासमार चालते असा मुळीच होत नाही. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबांना शिधा देऊन झालेला रेशन्स नावाचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. घरातल्या माणसांना पुरेसं खायला मिळालं तेव्हा त्यांच्यातलं क्षयाचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं. सुरुवातीच्या महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी होते. त्या कुटुंबांचेही आभार इथेच मानते. तुमच्या कामात जो प्रश्न उरला होता, त्याला त्यांनी हात घातला.

आज अशा अभ्यासात कुणाला घ्यायचं तर आधी नैतिकता समितीची परवानगी लागते, संमतीपत्र त्याच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं, अंगठा उठवणाऱ्यासाठी साक्षीदार बसवावा लागतो, आणि नको वाटलं तर मधूनच बाहेर पडायची मुभा असते. हेलसिंकीची घोषणा १९६४ची, म्हणजे तुमच्या नंतरची. संशोधन करणाऱ्यांनी ही पथ्यं काटेकोर पाळावीत असं मला कळकळीने वाटतं. तुमच्यासारख्या माणसांच्या विश्वासावर सगळं उभं असताना त्यात सूट कसली मागायची?

आणि शेवटी तुमच्यापैकी त्यांना नमस्कार, ज्यांच्यावर औषध चाललं नाही. ज्यांच्या थुंकीत वर्षानंतरही जंतू होते, ज्यांचे जंतू औषधाला पुरून उरले, जे वाटेतच गेले. दोन औषधं सगळ्यांना पुरत नाहीत हे तुमच्याच नोंदींमधून दिसलं, आणि पुढच्या अभ्यासांनी तिथूनच काम पुढे नेलं. मला पहिल्या दिवसापासून चार औषधं मिळाली आणि सहा महिन्यांत माझा उपचार संपला. शेवटच्या तपासणीत थुंकी साफ आली, मुलांच्या तपासण्याही साफ आहेत.

आपली कृतज्ञ,
क्षयरोगातून बरी झालेली एक आई