म्युरफिल्डचे दार आपोआप उघडले नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महिला क्रीडाक्षेत्राचा आढावा घेणारा लेख वाचला. गोल्फसारख्या आपल्याकडे कमी वाचल्या जाणाऱ्या खेळाला त्यात दोन परिच्छेद मिळाले, याचे समाधान आहे. मात्र काळाची पावले ओळखून स्कॉटलंडमधील जुन्या क्लबांनी महिलांना सभासदत्व दिले आणि म्हणून महिलांची ब्रिटिश ओपन ही मेजर (म्हणजे गोल्फमधील सर्वोच्च दर्जाची) स्पर्धा तेथे जाऊ शकली, हे त्यातील विधान वस्तुस्थितीला धरून नाही.

लेखात स्कॉटलंडमधील ज्या म्युरफिल्ड मैदानाचा उल्लेख आहे, तेथील क्लबाची स्थापना 1744 मधली. 2013 पर्यंत पुरुषांची ब्रिटिश ओपन (पुढे नुसती 'ओपन') या मैदानावर 16 वेळा झाली होती. महिलांना येथे पाहुण्या म्हणून खेळता येत असे. अमेरिका आणि ब्रिटन-आयर्लंड यांच्या हौशी महिला खेळाडूंमधील कर्टिस चषकाची लढतही येथे 1952 आणि 1984 मध्ये झाली. सभासद होण्याची सोय मात्र नव्हती. मे 2016 मध्ये या प्रश्नावर मतदान झाले, तेव्हा 397 सभासदांनी बाजूने आणि 219 जणांनी विरोधात मत दिले. नियमबदलाला दोनतृतीयांश मते लागत असल्याने ठराव 14 मतांनी पडला. मतदानापूर्वी विरोधकांनी जे पत्र सभासदांमध्ये फिरवले, त्यात महिलांमुळे खेळ रेंगाळेल अशी भीती होतीच, शिवाय क्लबातील दुपारच्या जेवणाच्या रिवाजाचे काय होणार, ही चिंताही होती. (पावणेतीनशे वर्षे टिकलेला क्लब एका जेवणाच्या टेबलावरून डळमळेल, असे खरोखर कोणाला वाटले असेल काय?)

त्याच दिवशी स्पर्धेची सूत्रे हाती असलेल्या आर अँड ए या संस्थेने जाहीर केले की, ज्या क्लबात महिला सभासद होऊ शकत नाहीत, तेथे ओपन भरवली जाणार नाही. ओपन गेली की प्रतिष्ठा गेली आणि तिच्याबरोबर येणारी गर्दी व पैसाही गेला. दहा महिन्यांनी, मार्च 2017 मध्ये, पुन्हा मतदान झाले तेव्हा 498 मते बाजूने आणि 123 विरोधात पडली, आणि त्याच दिवशी म्युरफिल्डचे नाव यजमानांच्या यादीत परत आले. या दहा महिन्यांत शंभरएक सभासदांना समतेचा साक्षात्कार झाला असे लेखकांना म्हणायचे असेल, तर तो त्यांचा मोठेपणा आहे.

आर अँड ए ही संस्थाही याबाबतीत धुतल्या तांदळासारखी होती, असे मी म्हणणार नाही. ज्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबातून ती निघाली, त्या क्लबाने महिलांना सभासदत्व देण्याचा ठराव 18 सप्टेंबर 2014 रोजी, म्हणजे स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या सार्वमताच्याच दिवशी, मंजूर केला. त्याआधी 2007 मध्येच महिलांची ओपन सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर होऊन लॉरेना ओचोआ विजेती झाली होती. म्हणजे तेथेही स्पर्धा आधी आली आणि सभासदत्व मागाहून. 2013 मध्ये पुरुषांची ओपन म्युरफिल्डवर भरली तेव्हा तर स्कॉटलंडचे प्रथम मंत्री ॲलेक्स सॅमंड यांनी महिलांवरील बंदीमुळे स्पर्धेला जाणे टाळले, तरी संस्थेने यजमान बदलला नव्हता. संस्थेवरही बाहेरून दबाव वाढत गेला, तेव्हा तिने पुढे तो क्लबांवर आणला.

आपल्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण टोकियोचे आहे. ऑगस्ट 2021 मध्ये अदिती अशोक ऑलिंपिक पदकापासून एका फटक्याने दूर, चौथ्या स्थानी राहिली, ते मैदान कासुमिगासेकी कंट्री क्लबचे. या क्लबात महिलांना पूर्ण सभासदत्व नव्हते आणि रविवारी खेळण्याची मुभाही नव्हती. टोकियोच्या राज्यपाल युरिको कोइके यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मैदान बदलण्याचा इशारा दिला, आणि मार्च 2017 मध्ये क्लबाने नियम बदलले. म्युरफिल्डचे दुसरे मतदान झाले तेव्हाच, काही दिवसांच्या अंतराने ही घटना घडली, हे लक्षात घेतले म्हणजे 'बदलते भान' हे स्पष्टीकरण फारच सोयीचे वाटू लागते.

पुढे ऑगस्ट 2022 मध्ये, पुरुषांची ओपन परतण्याच्या आधीच, महिलांची ओपन म्युरफिल्डवर भरली. दक्षिण आफ्रिकेची ॲशले बुहाई अखेरच्या दिवशी पाच फटक्यांची आघाडी घेऊन उतरली होती, पण पंधराव्या होलवर (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी पंधराव्यावर) तीन फटके जास्तीचे गेले आणि दक्षिण कोरियाच्या इन जी चुनने तिला गाठले. मग अठराव्या होलवर बरोबरी फोडण्यासाठीचा प्लेऑफ सुरू झाला, तो संपेना. उजेड जवळजवळ मावळला असताना प्लेऑफच्या चौथ्या खेपेस बुहाईचा चेंडू ग्रीनलगतच्या (भोकाभोवतीच्या आखूड हिरवळीलगतच्या) बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात पडला आणि तेथून तिने एका फटक्यात तो थेट भोकाजवळ आणून ठेवला. त्या वाळूतल्या फटक्याने निकाल लागला. कॅडी (खेळाडूची सामान वाहणारी व सल्ला देणारी साथीदार) म्हणून तिच्यासोबत तान्या पॅटरसन होती, म्हणजे त्या सायंकाळी म्युरफिल्डच्या शेवटच्या ग्रीनवर जिंकणारी जोडी दोन महिलांची होती. लेखात या स्पर्धेचा केवळ सनावळीपुरता उल्लेख आहे. जागेअभावी काही गाळायचेच होते, तर क्लबांच्या उदारतेची वाक्ये गाळता आली असती.

लेखातील आणखी एक विधान तपासून घ्यावे. ब्रिटिश ओपनमध्ये आता पुरुष आणि महिलांच्या बक्षिसांची रक्कम सारखी झाल्याचे त्यात म्हटले आहे. वेल्समधील रॉयल पोर्थकॉल येथे 2025 मध्ये जपानच्या मियू यामाशिताने जिंकलेल्या महिलांच्या ओपनची एकूण बक्षीस रक्कम 97.5 लाख डॉलर होती. त्याच वर्षी पुरुषांच्या ओपनची 1 कोटी 70 लाख डॉलर होती. पूर्वीच्या मानाने महिलांची रक्कम बरीच वाढली आहे, हे खरे. ती सारखी झालेली नाही, हेही तितकेच खरे. या दोन्ही दुरुस्त्या पुढील रविवारी त्याच पुरवणीत छापाव्यात, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, डेक्कन जिमखाना, पुणे