कॅडमियमला कोंडून ठेवताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मास्तरांनी विचारावा तसाच प्रश्न आहे: कॅडमियम, जस्त आणि टेल्युरियम, यांत सोनं-प्लॅटिनम काहीच नाही, मग घनसेंटिमीटरभर सीझेडटीचा, म्हणजे या तिघांपासून बनलेल्या कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या स्फटिकाचा, किमतीचा एवढा तोरा का? आणि पुढे तूच उत्तर देऊन टाकलं आहेस, ‘दाब फार लागतो म्हणून.’ ते निम्मंच खरं आहे, आणि उरलेल्या निम्म्यातच आम्हा स्फटिक वाढवणाऱ्यांचं सगळं आयुष्य जातं.

आधी हा स्फटिक हवा कशाला, ते सांगतो. गॅमा किरणाची ऊर्जा अचूक मोजायची तर जर्मेनियमसारखा डिटेक्टर नाही. पण त्याचा ऊर्जापट्टा, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा, जेमतेम ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खोलीतल्या उष्णतेनेच त्यातून एवढा प्रवाह वाहतो की द्रव नायट्रोजनच्या आसपास थंड केल्याशिवाय तो कामाचा नाही. सोडियम आयोडाइड खोलीच्या तापमानाला चालतं, पण सीझियम-१३७ ची ६६२ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टची रेघ (ऊर्जेच्या आलेखातलं टोक) ते सात टक्क्यांच्या आसपास फिसकटवतं. सीझेडटीचा पट्टा जवळजवळ १.६ आहे. थंड करायला नको, चांगल्या तुकड्यात रेघ एक-दोन टक्क्यांवर येते, आणि कॅडमियम ४८, टेल्युरियम ५२ असे भारी अणुक्रमांक असल्यामुळे थोड्या जाडीतही किरण अडतात.

आता भट्टी. हा पदार्थ ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. कॅडमियम उकळतं ७६७ ला, जस्त ९०७ ला. म्हणजे संयुग वितळेपर्यंत त्यातला एक घटक दाराशी चपला घालून उभाच असतो. क्वार्ट्झच्या बंद नळीत कोंडता येतं, पण त्या तापमानाला क्वार्ट्झ मऊ पडायला लागतं, आणि नळी फुटली तर कॅडमियमची विषारी वाफ भट्टीभर. म्हणून दुसरा मार्ग: ग्रॅफाइटची उघडी मूस, ती जाड पोलादी पात्रात, आणि पात्रात सुमारे शंभर वातावरणांइतक्या दाबाचा आरगॉन.

इथे तुझ्यासारखे हुशार लोकही फसतात. हिऱ्यासारखं इथे दाबून काही घडवायचं नसतं. वितळलेल्या मालावरच्या वाफेचा स्वतःचा दाब एका वातावरणाच्याच घरातला आहे. आरगॉनचं काम एवढंच की सुटलेल्या कॅडमियमच्या अणूला त्याच्या गर्दीतून वाट काढत, धक्के खात जावं लागावं. दाब जितका जास्त तितका विसरणाचा, म्हणजे अणू पसरत जाण्याचा, वेग कमी. तरी थोडं कॅडमियम निसटतंच, आणि उरलेला रस टेल्युरियमकडे झुकतो. पुढची बरीच दुखणी इथून सुरू होतात.

गंमत बघ. या पद्धतीला पर्सी ब्रिजमनचं नाव आहे. १९४६ चं नोबेल त्याला उच्च दाबाच्या भौतिकशास्त्रासाठीच मिळालं. पण स्फटिक वाढवायची त्याची रीत, म्हणजे मूस गरम पट्ट्यातून थंड पट्ट्याकडे हळूहळू सरकवायची, त्या कामातली नव्हे, तिला दाब लागतच नाही. १९२५ च्या ज्या निबंधातून ती पुढे आली, त्यात त्याने अभ्यासलेल्या एकस्फटिकांमध्ये कॅडमियम, जस्त आणि टेल्युरियम तिन्ही होते, अर्थात वेगवेगळे! त्याची रीत आणि त्याचा दाब सीझेडटीसाठी एकत्र नांदायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.

मूस तासाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही हळू उतरते. त्या काळात जे बिघडतं त्यातलं फार थोडं आपल्या हातात असतं. दाबलेला आरगॉन दाट असतो, तो भट्टीत घुसळत राहतो आणि तापमान डुलतं. घट्ट झालेला भाग वितळलेल्या रसापेक्षा उष्णता कमी वाहून नेतो, त्यामुळे दोघांमधली सीमा मधोमध खोल जाते आणि मुशीच्या भिंतीवर जन्मलेले नको ते कण, म्हणजे वेगळ्या दिशेने वाढणारे स्फटिक, आत घुसतात. इंगट, म्हणजे मुशीत गोठलेली लगड, कापलं की एकच स्फटिक क्वचित दिसतो. बहुधा मोठमोठे कण, त्यांत ट्विनच्या (आरशातल्यासारख्या जुळ्या स्फटिकांच्या) सरळ रेषा. जस्तही सारखं बसत नाही. ते घनात जायला उत्सुक, म्हणून दहा टक्के घालून सुरुवात केली तर पहिल्या टोकाला तेराच्या आसपास भरतं आणि शेपटीकडे घटत जातं. एकाच इंगटचे दोन तुकडे सारखे वागतील याची खात्री नाही.

सगळ्यात चिवट म्हणजे टेल्युरियमची इन्क्लूजन्स, स्फटिकात अडकलेले त्याचे बारीक थेंब. जास्तीचं टेल्युरियम तापलेल्या घनात मुरतं, थंड होताना बाहेर पडतं. काही थेंब तर वाढत्या सीमेवरच अडकतात. साध्या डोळ्याला सीझेडटी काळाभोर, पण इन्फ्रारेडला पारदर्शक. इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की काही मायक्रॉनचे काळे ठिपके दिसतात, कधी चक्क त्रिकोणी. हे ठिपके इलेक्ट्रॉन गिळतात. कॅडमियमच्या वाफेत भाजून ते कमी करता येतात, पण मग विद्युतरोध ढासळतो, आणि डिटेक्टरला तर १०^१० ओहम-सेंटिमीटरच्या पुढचा रोध हवा. एक दुखणं बरं करावं तर दुसरं उठतं, हे आमच्या धंद्यात नेहमीचंच.

खरं सांगायचं तर आमची अब्रू इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी राखली. एका गॅमा किरणाने, ६६२ चाच धर, सुमारे १,४४,००० इलेक्ट्रॉन-होल जोड्या होतात (होल म्हणजे इलेक्ट्रॉन सुटल्यावर उरलेली रिकामी जागा). इलेक्ट्रॉन पोचतात, होल वाटेतच अडकतात, आणि किरण किती खोलवर थांबला त्यावर सिग्नल बदलतो. १९९४ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या पॉल ल्यूकने पृष्ठभागावर एकमेकांत गुंतलेल्या इलेक्ट्रोडच्या दोन जाळ्या काढल्या आणि त्यांच्या सिग्नलची वजाबाकी केली. होलचा हिशेबच जवळजवळ गळून पडला. स्फटिक होता तसाच राहिला, आलेख सुधारला! मला ही युक्ती आजही आमच्या अर्ध्या भट्ट्यांपेक्षा मोलाची वाटते.

तुकडे लहान चालणार असतील तर काम जमतं. २००४ च्या नासाच्या स्विफ्ट उपग्रहावर ४ × ४ × २ मिलिमीटरचे ३२,७६८ तुकडे बसवले आहेत. २०१५ च्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरही सीझेडटीचाच कॅमेरा आहे. मोठा, जाड, निर्दोष तुकडा मागितलास की मात्र इंगटमधला बराचसा भाग बाजूला पडतो. तुझ्या ‘तोऱ्या’चं कारण हे. कच्चा माल नव्हे, दाबही नव्हे, तर कापल्यावर जे टाकावं लागतं ते.

आता बरेच जण दुसऱ्या वाटेने जातात: टेल्युरियममध्ये विरघळवून, वितळबिंदूच्या बरंच खाली, सरकत्या तापकाच्या (हीटरच्या) पद्धतीने. दिवसाला काही मिलिमीटर, म्हणजे आमच्याहून संथ, पण माल जास्त एकसारखा निघतो. मला विचारशील तर डिटेक्टरपुरती ती वाटच बरी. दाबाच्या भट्टीची मला सवय आहे म्हणून ती श्रेष्ठ ठरत नाही.

मुलांना वर्गात दाखवायला काही मागितलं होतंस. तुकडा पाठवणार नाही, त्यात कॅडमियम आहे आणि तुझी पोरं काहीही घासून बघतील. इन्फ्रारेडखालच्या ठिपक्यांचे फोटो मात्र पुढच्या टपालाने पाठवतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक